मोटरचे पडदे आणि स्मार्ट हब: बडोद्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की फोन वाढतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीनचे ऊन थेट सोफ्यावर येते आणि नेमका त्याच दिवशी पडदा अ‍ॅपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतो. मोटरचे पडदे बसवून देणे आणि अडले की जाऊन पाहणे हे माझे रोजचे काम. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांपासून वासणा-भायलीच्या नव्या फ्लॅटपर्यंत प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत. कंपनी कोणतीही असली तरी बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतात. बटणांची नावे मात्र आपापल्या पुस्तिकेत बघून घ्या.

हब नसला तर पडदा चालणारच नाही का?

चालतो. मोटरच्या आत रेडिओचा रिसीव्हर असतो आणि हातातला रिमोट थेट त्याच्याशी बोलतो. फोनला ती भाषा येत नाही, त्याला वायफाय कळते. हब या दोघांमधला दुभाषा. फोनचा निरोप वायफायवरून घ्यायचा आणि मोटरला तिच्या भाषेत सांगायचा, एवढेच त्याचे काम.

पडदा वर कुठे थांबायचा आणि खाली कुठे, ही हद्द म्हणजे ‘लिमिट’. ती मोटरमध्ये साठवलेली असते, हबमध्ये नाही. हे एकदा नीट लक्षात आले की निम्मे घोटाळे टळतात. काहीही बिघडले तरी आधी रिमोटने पडदा चालवून बघा. रिमोटने चालला तर मोटर ठणठणीत आहे, दोष हब, वायफाय किंवा अ‍ॅपमध्ये शोधायचा. रिमोटनेही हलला नाही तर अ‍ॅपमध्ये तासभर घालवून काही हाती लागणार नाही.

ऑनलाइन मिळणारा कोणताही हब चालेल का?

नाही, आणि इथे पैसे वाया जाताना मी फार वेळा पाहिले आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मोटरी ४३३.९२ मेगाहर्ट्झ या रेडिओ वारंवारतेवर चालतात. सोम्फी या कंपनीची आरटीएस नावाची रेडिओ पद्धत ४३३.४२ वर चालते. आकडे जवळजवळ सारखे वाटतात, पण स्वस्तातला सर्वसाधारण हब तिथे उपयोगी पडत नाही. शिवाय त्या मोटरींचा संकेत प्रत्येक दाबाला बदलतो, त्यामुळे रिमोटची नुसती नक्कल करून भागत नाही. झिगबी ही आणखी एक बिनतारी पद्धत, तिच्या मोटरी २.४ गिगाहर्ट्झवर असतात, त्यांना झिगबीचाच हब लागतो.

अमेरिकेतून कोणी झेड-वेव्ह या तिसऱ्या पद्धतीचा हब आणत असेल तर आणू देऊ नका. तिकडचा ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतो, भारतासाठी ठरलेली वारंवारता ८६५.२ आहे. प्लग बदलून हे जुळत नाही.

नवीन घेत असाल तर ‘मॅटर’ची खूण पाहा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेले हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आले आणि त्यात पडदे पहिल्यापासून आहेत. एक सूचना मात्र कळकळीने करतो: मॅटरचा क्यूआर कोड आणि त्याखालचा ११ आकडी कोड अनेकदा मोटरच्याच अंगावर चिकटवलेला असतो. पेल्मेटमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या झाकणपेटीत, मोटर चढली की तो दिसत नाही. बसवण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.

पहिल्यांदा सेट करताना क्रम काय ठेवायचा?

आधी मोटर रिमोटशी जोडा. मग दिशा तपासा, मग वरची आणि खालची लिमिट लावा. पडदा आठ-दहा वेळा पूर्ण वर-खाली करा आणि कापड एका बाजूला सरकत नाही ना ते पाहा. एवढे झाल्यावरच हबचे खोके उघडा. लोक नेमके उलटे करतात. हब हौसेने आधी लावतात आणि लिमिट न लावलेल्या मोटरला फोनवरून ‘बंद’ सांगतात. मग खालची पट्टी ओट्यावर टेकते, कापड उलटे गुंडाळायला लागते आणि मला फोन येतो.

अ‍ॅपमध्ये खाते घरात कायम राहणाऱ्या माणसाच्या नंबरावर किंवा ईमेलवर उघडा. देश भारत निवडा. अ‍ॅप लोकेशन, ब्लूटूथ आणि स्थानिक नेटवर्कची परवानगी मागते, ती द्या, नाहीतर समोर ठेवलेला हबही त्याला दिसत नाही. फोनवर व्हीपीएन सुरू असेल तर तेवढ्यापुरते बंद करा. हब जोडला गेला, अपडेट झाला, की एकेक पडदा त्यात घ्या. प्रत्येकाला लगेच नाव द्या, ‘नंतर बघू’ म्हणू नका.

हबला आमचे वायफाय सापडतच नाही.

बहुतेक हब फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय पकडतात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने चालतात. फोन ५ वर बसलेला असतो, हब २.४ शोधत असतो, आणि दोघांची भेट होत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटे बंद करा, हब जोडा, मग परत सुरू करा.

गेस्ट नेटवर्कवर हब टाकू नका. तिथली यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. राउटरमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए-३ असेल तर काही हब अडतात, तो डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्ही मिळून असा ठेवा. वायफायच्या नावात इमोजी किंवा चमत्कारिक चिन्हे असतील तर ती काढा.

हब कुठे ठेवावा?

घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी. आमच्याच घरचे सांगतो. आईने हब दिसायला बरा नाही म्हणून लोखंडी कपाटावर, स्टीलच्या डब्यांमागे सारला होता. झोपायच्या खोलीचा पडदा चारदा सांगितल्यावर एकदा ऐकायचा. मी दोन दिवस मोटरला दोष देत होतो, बॅटरीही बदलून पाहिली. शेवटी हब तिथून काढून दाराजवळच्या लाकडी फळीवर ठेवला, जेमतेम चार फूट अलीकडे, आणि त्या दिवसापासून एकही हाक वाया गेली नाही.

लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, पाण्याची टाकी, टीव्हीची पाठ, ही सगळी रेडिओला अडवणारी ठिकाणे. काचेवर धातूचा अंश असलेली सन कंट्रोल फिल्म असेल तर तीही अडवते. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी विटांच्या भिंतींतून ४३३ चा संकेत एखादी भिंत पार करतो, तीन करत नाही. जागा ठरवण्याची सोपी पद्धत अशी: जिथे हब ठेवायचा आहे तिथे रिमोट घेऊन उभे राहा आणि प्रत्येक पडदा चालवा. रिमोटचा संकेत तिथून पोचत असेल तर हबचाही सहसा पोचतो.

झिगबीला वेगळा उपाय आहे. सतत विजेवर असणारी झिगबीची यंत्रे, म्हणजे स्मार्ट प्लगसारखी, निरोप पुढे पोचवतात. बॅटरीच्या मोटरी सहसा पोचवत नाहीत. म्हणून लांबच्या खोलीच्या वाटेवर असा एक प्लग लावला की काम होते.

एक पडदा जोडताना शेजारचाही हलायला लागला.

जोडणीच्या वेळी दोन्ही मोटरी ‘ऐकण्याच्या’ अवस्थेत होत्या. एकाच रिमोटच्या एकाच चॅनलवर, म्हणजे रिमोटवरच्या एकाच क्रमांकावर, दोन मोटरी असल्या की हे होते, कारण रिमोटच्या मागच्या बारीक बटणाने दोघी एकदम जाग्या होतात. एकीची वीज किंवा बॅटरीचा स्विच बंद करा, दुसरी वेगळ्या चॅनलवर जोडा, मग पहिलीकडे या. मोटरने ओळख पटल्याची खूण दिली पाहिजे, म्हणजे छोटा हिसका किंवा बीप. ती मिळाल्याशिवाय पुढचे बटण दाबू नका.

‘उघडा’ म्हटले की बंद होतो.

दिशा उलटी लागली आहे. आधी मोटरमध्ये बदला. अ‍ॅपमध्येही दिशा उलटवण्याची सोय असते, पण तिथे बदललीत तर रिमोट आणि फोन कायम एकमेकांच्या उलट चालतील.

अ‍ॅपमध्ये ५० टक्के दाखवते, पडदा मात्र पाऊणभर खाली असतो.

तुमची मोटर एकतर्फी आहे. ती ऐकते, पण आपण कुठे आहोत ते सांगत नाही. हब नुसता वेळेचा हिशोब करतो. खाली यायला २० सेकंद लागतात असे त्याला सांगितले असेल तर १० सेकंदांनी तो ‘थांब’ म्हणतो. मध्येच कोणी रिमोटने पडदा हलवला तर हबला त्याचा पत्ताही नसतो.

मोबाइलचे स्टॉपवॉच लावून वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेळ वेगवेगळा मोजा. जड कापड असेल तर वर जायला जास्त वेळ लागतो. ते आकडे अ‍ॅपमध्ये भरा. तरीही फरक पडत असेल तर पडदा आधी पूर्ण उघडा आणि मग हव्या त्या जागी न्या. रोज एकाच उंचीवर लागत असेल तर मोटरमध्येच ‘आवडती जागा’ साठवा, ती टक्क्यांपेक्षा कितीतरी भरवशाची. अचूक टक्के हवेच असतील तर दुतर्फी मोटर घ्यावी लागते.

सकाळी सातची वेळ लावली आहे, पडदा दुपारी साडेचारला उघडतो!

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. बडोद्यात हे घरोघरी आहे. मुलाने प्रेमाने तिकडून खाते उघडून दिलेले असते आणि घराची वेळ न्यू जर्सीची राहिलेली असते. तिथले उन्हाळ्यातले सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेचार. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलली की आपला पडदाही तासाने सरकतो. वासणा रोडवरच्या एका काकूंना वाटत होते की मोटरला ऊन लागून ती बिघडली. ती बिचारी वेळेची अगदी पक्की होती.

वेळ चुकण्याचे आकडे ओळखीचे झाले आहेत. सातचा पडदा पहाटे साडेचारला उघडत असेल तर हब चीनच्या वेळेवर आहे. दुपारी साडेबाराला उघडत असेल तर ग्रिनिचच्या वेळेवर. अ‍ॅपमध्ये ‘घर’ किंवा ‘होम’च्या सेटिंगमध्ये जागा वडोदरा आणि टाइमझोन कोलकाता करा, आणि वेळापत्रके पुसून पुन्हा लावा. जुनी कधी कधी जुन्याच वेळेला धरून बसतात. खाते अमेरिकेच्या विभागात उघडले असेल तर नुसता टाइमझोन बदलून नेहमी भागत नाही. मग इथल्या नंबरावर नवे खाते उघडून हब त्यात घ्या आणि मुलाला पाहुणा म्हणून जोडा.

बडोद्यात वेळापत्रक कसे लावावे?

आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, बडोदे ७३.२ वर. म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी. त्यामुळे घड्याळात दुपार उशिरापर्यंत रेंगाळते. पश्चिमेचे पडदे एप्रिल-मेमध्ये साधारण दीडला उतरवा आणि सूर्यास्ताला उघडा. ऊन आत येऊन फरशी तापली की मग पडदा ओढून फारसे काही साधत नाही, म्हणून थोडे आधीच.

उतरवण्याला ठरलेली वेळ, उघडण्याला ‘सूर्यास्त’ हा पर्याय वापरा. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेर साडेसातच्या जवळ. दीड तासाचा हा फरक हब स्वतः सांभाळतो, फक्त लोकेशन बरोबर हवे.

उत्तरेच्या खिडकीला ऊन येत नाही असे धरून चालू नका. बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेकडून तिरके आत येते. पाऊस लांबला तर त्या दिवसांत स्वयंपाकघरातला उत्तरेचा पडदा कामी येतो.

नेट किंवा वीज गेली तर?

नेट गेले तर रिमोट चालतोच. हब स्थानिक पद्धतीने काम करणारा असेल तर वेळापत्रकही चालते. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, अवलंबून असेल तर फोन गप्प बसतो. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारा: नेट नसताना वेळापत्रक चालते का?

वीज गेली तर २३० व्होल्टच्या मोटरी थांबतात, बॅटरीच्या चालतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी खिडकी उघडून हवा घ्यायची तर पडदा वर जायलाच हवा. म्हणून तळमजल्यावर आणि नदीकाठच्या भागांत मी निदान एका खोलीत तरी बॅटरीची मोटर सुचवतो. हब आणि राउटर जमिनीलगतच्या प्लगवर ठेवू नका. पाणी लागलेला अ‍ॅडॉप्टर वाळवून पुन्हा लावू नका, नवा घ्या.

रोजच्या दहा-वीस मिनिटांच्या खंडासाठी राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. हब सहसा ५ व्होल्टवर चालतो, राउटर बहुधा १२ वर. दोन्ही आउटपुट असलेला बघून घ्या. वीज आल्यावर हब ऑफलाइन राहिला तर आधी राउटर पूर्ण सुरू होऊ द्या आणि पाच मिनिटांनी हबचा प्लग काढून लावा.

राउटर बदलला. सगळे पडदे पुन्हा जोडायचे का?

नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तसेच. हब आपोआप जोडला जाईल.

बॅटरी लवकर उतरते.

दिवसातून एकदा वर, एकदा खाली, मध्यम कापड, एवढ्यावर चार ते सहा महिने जायला हवेत. त्याआधीच उतरत असेल तर तीन गोष्टी पाहा. कापड बाजूला घासते का, ब्लॅकआउटचे जड कापड छोट्या मोटरवर टाकले आहे का, आणि वेळापत्रके दुप्पट झाली आहेत का. तिसरे फार सापडते. एक अ‍ॅपमध्ये, तेच व्हॉइस असिस्टंटमध्ये, आणि पडदा उगाचच जास्त वेळा हलतो.

चार्जिंग मे महिन्यात दुपारी करू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिला मानवत नाही, आणि तापलेल्या काचेला लागून असलेली मोटर तो आकडा सहज गाठते. रात्री किंवा पहाटे करा. खिडकीत सोलर पट्टी लावली असेल आणि काचेवर काळी फिल्म असेल तर ती पट्टी फारसे कमावत नाही.

पाच पडदे एकदम उतरायला हवेत, पण एकामागून एक उतरतात.

हब एकेक निरोप पाठवतो. रिमोटवरचा एक रिकामा चॅनल पाचही मोटरींना शिकवा आणि तोच चॅनल हबमध्ये ‘हॉल सगळे’ म्हणून जोडा. एकच निरोप जातो, पाचही एकदम निघतात.

विजेची मोटर चार-पाचदा चालवली की मध्येच बंद पडते.

बिघडलेली नाही. अशा बहुतेक मोटरी सलग साधारण चार मिनिटेच चालण्यासाठी बनवलेल्या असतात. तापल्या की आतला थर्मल कट-आउट तोडतो. वीस मिनिटे थांबा. लिमिट लावताना मुले हौसेने वर-खाली करत बसतात, तेव्हा हे हमखास होते.

वायरिंगबद्दल मात्र मी अजिबात सैल नाही. साध्या मोटरला न्यूट्रल, अर्थ, ‘वर’ची एक वायर आणि ‘खाली’ची एक वायर असते. ‘वर’ आणि ‘खाली’ला एकाच वेळी फेज मिळाला तर मोटर जळते. म्हणून दिव्याचे दोन सुटे स्विच इथे चालत नाहीत, एक दाबला की दुसरा उठणारा इंटरलॉकचाच स्विच हवा. अशा दोन मोटरी एका स्विचवर समांतर जोडू नका. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, आणि अर्थिंग खरोखर आहे का ते त्याला मीटर लावून दाखवायला सांगा.

पडदा अर्ध्यावर अडतो, कर्र आवाज येतो.

स्टूल घेऊन वर चढा आणि बाजूच्या पट्टीत टॉर्च मारा. कारेलीबागेतल्या एका घरी अ‍ॅप, हब, मोटर सगळे तपासून झाले होते. पट्टीच्या आत बोटाच्या पेराएवढे कुंभारीण माशीचे मातीचे घर निघाले. पडदा तिथे टेकायचा, मोटरला अडथळा कळायचा आणि ती थांबायची. जुन्या टूथब्रशने काढले, पट्टी कोरड्या फडक्याने पुसली. तेल घालू नका, आपल्याकडची धूळ त्याला चिकटून लगदा होतो.

अलेक्सा किंवा गुगलला नाव कळत नाही.

लहान, वेगवेगळी आणि एकमेकांत न मिसळणारी नावे द्या. ‘हॉल पडदा’ आणि ‘हॉल दिवा’ यांत गोंधळ होतो, कारण ‘हॉल बंद’ म्हटल्यावर दोन्ही धावतात. नाव अ‍ॅपमध्ये बदलले की असिस्टंटला यंत्रे पुन्हा शोधायला सांगा.

बसवणाऱ्याने स्वतःच्या फोनवर सेट केले होते. आता तो फोन उचलत नाही.

हा प्रकार मला मनापासून खटकतो. घर तुमचे, पडदे तुमचे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. जोपर्यंत तो माणूस हब आपल्या खात्यातून काढत नाही तोपर्यंत अनेक हब नव्या खात्यात जातच नाहीत. बिल दाखवून कंपनीकडून खाते मोकळे करून घ्यावे लागते, त्यात आठवडे जातात. शेवटचे पैसे देण्याआधी मालक म्हणून तुमचेच खाते दिसते ना, ते त्याच्यासमोर उघडून पाहा.

गणपतीत आणि उत्तरायणात काय करावे?

आराशीची माळ किंवा दिव्यांची तोरणे पडद्याच्या खालच्या पट्टीला बांधू नका. वेळ झाली की पडदा माळेसकट वर निघतो. त्या दिवसांत वेळापत्रक पुसायचे नाही, फक्त ‘स्थगित’ करायचे. १४ आणि १५ जानेवारीलाही तसेच. सगळी मंडळी गच्ची-गॅलरीत ये-जा करत असताना सहाला पडदा दारावर उतरायला नको.

सगळे रीसेट केले तर?

हब रीसेट केला तर फक्त जोडण्या आणि वेळापत्रके जातात. मोटर रीसेट केली तर लिमिटही जाऊ शकते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून मोटरचे बारीक बटण दहा-दहा सेकंद दाबून बघण्याचा मोह आवरा. आधी वेळापत्रकांचे स्क्रीनशॉट काढा.

आजी-आजोबांना फोन जमत नाही.

जमायची गरजही नाही. भिंतीवर चिकटवता येणारा बॅटरीचा स्विच मिळतो. तो त्यांच्या खुर्चीपासून हात पोचेल अशा ठिकाणी लावा, वर बाण मोठा दिसेल असा. रिमोटच ठेवणार असाल तर मागे पांढरी पट्टी चिकटवून काळ्या मार्करने ठळक लिहा: १ हॉल, २ देवघर, ३ झोपायची खोली. आणि चॅनल बदलण्याची सोय बंद करता येत असेल तर दुपारच्या उन्हाचा जो पडदा आहे त्याच्यासाठी एका चॅनलचा वेगळा रिमोट द्या, तीन बटणांचा.